मिलूची एक चप्पल

वहिनी,

मिलू शेजारी लंकाबाईंकडे झोपलाय. दुधीची भाजी पण गप खाल्ली. पोरगं शहाणं झालं असं म्हणू नकोस.

द्वारकेच्या चौकात फुगेवाला दिसला आणि हा रस्त्यातच आडवा पडला. एक चप्पल भिरकावली, मला लाथा मारल्या. लोक बघत होते. माझं डोकं फिरलं. "रड इथंच, मी चालले," म्हणाले. तू पण घरात असंच म्हणतेस, पण तू जात नाहीस. मी खरंच गेले, उभ्या ट्रकच्या मागं लपले.

तिथून दिसत होता. रडायचा थांबला, मला हाक नाही मारली. जाणाऱ्या बायांचे पदर धरायला लागला. मी धावत आले, तर माझा हात पण तसाच धरला, कुणातरी बाईचा धरावा तसा. तेव्हापासून मुतायला जायचं तरी विचारतोय, "आत्या, जाऊ का?"

चप्पल तिथंच राहिली, ती शोधायला चाललेय. दादाला तूच सांग, माझ्याच्यानं होणार नाही.

मिलू उठला की आधी सांग, आत्या चप्पल आणायला गेलीय, परत येणार आहे. मग रडला तर रडू दे, गप करू नकोस.

रत्ना