झाडून काढलेला डोंगर

२ मार्च, रविवार
चाकणजवळचा आमचा डोंगर मंगळवारी वणव्यात जळाला. आमचा म्हणजे, आमचा मोशीचा ग्रुप दर रविवारी चढतो तो. आज जाऊन पाहिलं. सगळा काळाठिक्कर. उतरता उतरता ठरवून टाकलं: डोंगर पुन्हा उभा करायचा. नेतृत्व मी करणार. कुणी तसं सुचवलं नाही, पण कंपनीत क्वालिटीला एकोणीस वर्षं काढलेल्या माणसाला सुचवावं लागत नाही.

९ मार्च
चौदा जण आले. बायको विजयश्रीसुद्धा. प्लॅन समजावला. आधी साफसफाई: राख, जळकी झुडपं, गवताची बुडखं, सगळं उपटून काढायचं. शॉप फ्लोअर चकाचक झाल्याशिवाय लाइन सुरू होत नाही. पायथ्याला गवराबाईंचं शेत आहे. त्या वर आल्या आणि म्हणाल्या, "बुडखं उपटू नका. खाली मुळ्या जित्या हायेत. त्यांनीच माती धरलीय."
बाईंचा अनुभव दांडगा, पण ट्रेनिंग नाही. मान डोलावली आणि खराटे वाटले.

१६ मार्च
नऊ जण. धनेश माझ्याच डिपार्टमेंटचा, कंपनीत मीच चिकटवलेला. तो सांगत होता की पलीकडच्या उतारावर गवराबाई जळक्या फांद्या आडव्या रचतायत, दगडांचे बांध घालतायत, आणि त्याला ते पटतंय. अडगळ रचणं म्हणजे काम नव्हे, असं त्याला सुनावलं.
संकल्प: धनेशवर लक्ष ठेवणे.

३० मार्च
चार जण. बाकीच्यांना ताप, लग्न, ओव्हरटाइम. मी माणसांवर संशय घेत नाही.

१३ एप्रिल, सकाळी ११
माझा उतार पूर्ण! एक काडी शिल्लक नाही. इतका स्वच्छ डोंगर तालुक्यात नसेल. फोटो काढा म्हणायला वळलो, तर मागे कुणीच नाही. सोंडेवर चढून पलीकडे पाहिलं. तापवाले, लग्नवाले, ओव्हरटाइमवाले, सगळे रांगेत दगड देत-घेत होते. रांगेत धनेश. धनेशच्या पुढे विजयश्री. सकाळी मला म्हणाली होती, काळेवाडीला बहिणीकडे जाते.

रात्री ८
विचारलं. म्हणाली, खरं सांगितलं असतं तर तुम्हाला वाईट वाटलं असतं. म्हणजे महिनाभर फसवलं ते माझ्या भल्यासाठी. निषेध म्हणून जेवलो नाही. पोळ्या फक्त दोन.

१५ मे, गुरुवार
शिफ्टमध्ये असताना वळवाचा पाऊस. तासभर. माझा उतार धुऊन आणखी स्वच्छ झाला असणार.

१८ मे
उतारावर माती नाही. नुसता खडक. माती खाली गवराबाईंच्या शेतात आहे. काढणीला आलेला भुईमूग गाळाखाली गेलाय. पलीकडच्या उतारावर फांद्यांमागे माती जशीच्या तशी, आणि जळक्या बुडख्यांतून हिरवे कोंब. पाऊससुद्धा त्यांच्या पार्टीत.
गवराबाई बांधावर बसल्या होत्या. मी गाडीवरून उतरलो नाही. घाई होती. कसली, ते आता आठवत नाही.

२५ मे
झोप नीट लागत नाही, म्हणून फावडं घेऊन शेतात गेलो. सगळा ग्रुप आधीच गाळ उपसत होता. दोन तास उपसलं. भुईमुगाच्या शेंगा हाताला लागत होत्या, कुजलेल्या. गवराबाईंनी सगळ्यांना चहा दिला, मलाही. मी त्यांना समजावलं की पाऊस माझ्या बाजूला जास्त पडला असावा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "अर्जुनराव, तुमी मनानं वाईट न्हाई. पण आता डोंगरावर येऊ नका."
कुणीतरी मध्ये पडेल म्हणून चहा सावकाश प्यायलो. धनेश फावड्याचा चिखल काढत बसला. विजयश्रीनं माझा रिकामा कप घेतला आणि विसळायला नेला.
एकटाच घरी आलो. चढ अवघडच आहे तो. बाईंना माझ्या गुडघ्यांची काळजी वाटली असणार.