हा माणूस आमचा

वायमार, मंगळवार, १८ फेब्रुवारी १९१९

प्रिय एकार्ट,

मोठ्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. ओटमारच्या हाती पाठवलेली तुझी चिठ्ठी मिळाली. आम्ही इथे खुशाल आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. तुझा खोकला कसा आहे? पोट्सडामची ती दमट खोली सोड म्हणून किती वेळा सांगितलं, पण तू कुणाचं ऐकशील तर शपथ.

इथे थंडी मरणाची. गाव मात्र ओळखू येणार नाही इतकं भरलंय. ज्या नाटकघरात आई आपल्याला नाताळचा खेळ बघायला न्यायची, तिथे आता देशाची घटना लिहितायत. बर्लिनमध्ये रस्त्यात गोळ्या उडतात म्हणून सरकारचं सगळं बिऱ्हाड आमच्याकडे हलवलं. शेजारची होयरबाई म्हणते, "राजे गेले आणि पोटभाडेकरू आले." ती म्हणते तशी गंमत वाटत नाही मला. वेशीवर शिपाई, स्टेशनात शिपाई, छपरावर बंदुका. बाहेरचा माणूस आत यायचा तर गावातल्या कुणीतरी चौकीवर जाऊन स्वतःच्या तोंडाने सांगायचं, की हा माणूस आमचा. तेवढ्यावर सोडतात. खोटं बोललात तर बघून घेऊ, असंही सांगतात.

माझ्याकडे एक बाई उतरल्यात, पेट्झोल्डबाई. घटना लिहिणाऱ्या सभेवर निवडून आलेल्या आहेत, ग्राइझच्या गिरणीतल्या विणकर, आणि ज्या पक्षाचं नाव काढलं की तुझ्या कपाळाची शीर उडते त्याच समाजवादी पक्षाच्या. लोरेन्झची खोली दिली त्यांना. रिकामीच होती.

तुला आवडणार नाही, पण बाई चांगल्या आहेत. रोज सकाळी भाषण पाठ करतात आणि मग नाटकघराकडे जातात. एकदा मी म्हटलं, "बाई, हे सरकार टिकणार नाही असं सगळे म्हणतात." तर म्हणाल्या, "मलाही रात्री तसंच वाटतं हो. पण पोर चालायला लागलं की पडायचंच. पडतंय म्हणून कुणी त्याचे पाय तोडत नाही." गेल्या महिन्यात देवळात जायचा पोशाख घालून मीही मत द्यायला गेले होते. कुणाला द्यायचं ते तू पत्रात कळवलं होतंस. कुणाला दिलं ते मी कळवणार नाही.

आता ओटमारबद्दल लिहायला हवं. किती वेळ टाळते आहे, तुझ्या लक्षात आलंच असेल.

तू लिहिलंस, आपल्या अपोल्डाच्या लुडविगकाकांचा मुलगा, तू त्याला पाळण्यात बघितलंयस, लढाईतून आलाय, काम शोधतोय, त्याला वेशीतून आत घे. मी त्याला कधी बघितलं नव्हतं, पण शिपायाने तुझी चिठ्ठी घरी आणून दिली तशी लगेच शाल पांघरून चौकीवर गेले. तिथल्या कप्तानाने विचारलं, "तुमचा कोण?" मी म्हटलं, "चुलतभाऊ. हा माणूस आमचा." ओटमारही लगबगीने पुढे आला आणि माझ्या गालाचं चुंबन घेतलं. त्याचे ओठ थंडगार होते.

घरात वागणं अगदी नीट. टाचा जुळवून नमस्कार काय, लाकडं फोडून देणं काय. काम शोधायला मात्र एकदाही बाहेर पडला नाही. पेट्झोल्डबाई किती वाजता निघतात, उद्यानातून जातात की बाजारातून, सोबत कोण असतं, असलं विचारायचा. मी म्हटलं, "का रे बाबा, लग्न जमवायचंय का त्यांच्याशी?" तो हसला. हसला ते तोंडापुरतंच.

रविवारी बाई गावाकडून बटाटे घेऊन आल्या. इतके बटाटे मी दोन हिवाळ्यांत एकत्र बघितले नव्हते. म्हटलं, चला, आज आपले बटाट्याचे उकडलेले गोळे करू. बाई किसायला बसल्या, बोटं सोलून घेतली, तरी हटल्या नाहीत. शेवटी एकदाचे वाफाळते गोळे ताटात आले. मी प्रार्थना म्हटली. आणि तुझ्या ओटमारने सुरी उचलली आणि गोळा कापला.

एकार्ट, तुला आठवतं ना? तू लहान असताना एकदा गोळ्याला सुरी लावलीस, तर आईने भरलं ताट समोरून उचलून नेलं होतं. "दगड वाटला का तुला माझा गोळा?" असं म्हणाली होती. इकडे दात न आलेल्या पोरालाही ठाऊक असतं, गोळा काट्याने फोडायचा. अपोल्डात जन्मलेला माणूस उपाशी मरेल, पण रांधणारीच्या देखत गोळ्याला सुरी लावणार नाही.

पेट्झोल्डबाई खळखळून हसल्या. "अपोल्डात आता सुरीने खातात वाटतं? मग क्रांती झाली म्हणायची." तो लाल झाला. म्हणाला, "खंदकात सवय मोडली." बाईंना ते पटलं. मी काटा खाली ठेवला. त्याच्या हाताकडे बघत बसले. तो कापून झालेली सुरी रुमालाने पुसत होता, अगदी नीट, पात्याच्या टोकापर्यंत.

रात्रभर बाईंच्या दाराला पाठ लावून बसले होते. सकाळी बाई दार उघडून बघतात तर मी जमिनीवर. काय झालं ते सांगितलं. तुझं नावही सांगितलं, पण फक्त त्यांना. त्या खाटेवर बसल्या, लोरेन्झच्या खाटेवर. मग म्हणाल्या, "मला भीती वाटते हो. पण भाऊ तुमचा आहे. काय करायचं ते मी सांगणार नाही."

मग मी शाल पांघरली आणि चौकीवर गेले. कप्तानाला म्हटलं, "मी सांगितलं होतं ते चूक. तो माणूस आमचा नव्हे." जेवणाच्या वेळेआधी शिपाई त्याला घेऊन गेले. कोटाच्या अस्तरात पिस्तूल शिवलेलं होतं. जाताना माझ्याकडे बघून तो शांतपणे म्हणाला, "तुमच्या भावाला फार वाईट वाटेल." आता सांग, मला काय वाटलं असेल?

तुला ठाऊक नव्हतं, असंही असेल. कुणीतरी तुलाही फसवलं असेल. काल दिवसभर मी स्वतःला हेच सांगत होते, भांडी घासताना, चूल पेटवताना. पण पाळण्यातल्या ओटमारची गोष्ट तुझ्या अक्षरात आहे रे. तू माझ्याकडून खोटी साक्ष काढलीस. माझ्याच घरात, माझ्याच ताटावर त्याला बसवलंस, कारण रीके विचारणार नाही, रीके कधीच विचारत नाही.

तेव्हाही विचारलं नव्हतं. लोरेन्झ सतराचा होता. बाप नाही, म्हणून कुणीतरी मोठ्या माणसाने भरतीच्या ठिकाणी जाऊन हमी द्यायची होती. मी नाही म्हटलं होतं. तू त्याचा मामा, तू गेलास, तू सांगितलंस की हा मुलगा आमचा आणि तो खुशीने येतोय. मला जेवताना कळलं. तू म्हणालास, "ताई, अभिमान वाटू दे." फ्लँडर्सच्या आघाडीवरून तो नाही, त्याची पेटी आली, त्यात मी विणलेले मोजे होते, घडीही न मोडलेले. मी तुला एक शब्द बोलले नाही. दर नाताळला तुझ्यासाठी केक पाठवत राहिले. लोक म्हणतात, रीके किती समजूतदार. समजूतदार कसली, मला एकच भाऊ उरला होता आणि तोही गमावायची भीती वाटत होती. अजून वाटते.

कप्तानाने विचारलंच, "पाठवलं कुणी?" मी म्हटलं, आज डोकं ठिकाणावर नाही. तो म्हणाला, "सिट्टिगबाई, शनिवारपर्यंत ठिकाणावर आणा. त्यानंतर मी विचारणार नाही, घेऊन जाईन."

दारावर थाप पडली की आधी खिडकीतून बघते. ज्यांनी त्याला पाठवलं ते दुसऱ्या कुणाला पाठवतील का, हे तुलाच माहीत. बाई आजही नाटकघराकडे गेल्या, मी सोबत गेले. आत शिरताना म्हणाल्या, "संध्याकाळी उरलेले गोळे तळा हं." त्यांच्यासाठी हे सरकार टिकावं असं मला पहिल्यांदाच वाटलं. त्यांना संध्याकाळी घरी येता यावं, एवढंच मला त्यातलं कळतं.

तर एकार्ट, तू शनिवारच्या आत ये. चौकीवर उभा राहा. ते मला बोलावतील आणि विचारतील, हा कोण. मी सगळ्यांसमोर सांगेन, हा माणूस आमचा, माझ्या आईचा मुलगा, आणि या वेळी ते खरं असेल. पुढचं तू स्वतःच्या तोंडाने सांगायचंस. तुरुंगात गेलास तर दर रविवारी डबा घेऊन येईन. पण तू आला नाहीस, तर शनिवारी शाल पांघरून मी जाईन आणि तुझं नाव सांगेन. या खोलीतून आणखी कुणाची पेटी निघालेली मला बघवणार नाही.

खोकल्यासाठी मध पाठवते आहे. गळ्याला मफलर गुंडाळून ये, गाडीत फार गारठा असतो.

शनिवारपर्यंत आणि शनिवारनंतरही तुझीच,
ताई रीके