पार्किंग नंबर सातचा बदला

१ नोव्हेंबर
गाडीने आज मला ओळखलं नाही. म्हणजे माझ्या फोनला. स्क्रीनवर नुसतं गोल गोल फिरत राहिलं आणि शेवटी 'कनेक्ट होऊ शकत नाही.' शोरूममध्ये एका झटक्यात झाला होता. घरी येतानाही व्यवस्थित चालू होता. (गाडी शोरूमच्या ड्रायव्हरने आणली. मला स्क्रीनचा अभ्यास करायचा होता, म्हणून मी बाजूला बसलो.)
नेमकं आज सासूबाईंना डोळे तपासायला न्यायचं होतं. आमच्या इंद्रलोकमधून भाईंदर पश्चिमेला त्यांच्या घरी, तिथून मीरा रोड. उर्मिलाला समजावलं की फोन नाही तर मॅप नाही, आणि मॅप नसताना गाडी काढणं बेजबाबदारपणाचं आहे. ती म्हणाली, माझ्या आईच्या घरी जायला मॅप? अहो, वरात घेऊन आला होतात तुम्ही तिथे. मी म्हटलं, तेव्हा ट्रॅफिक वेगळं होतं.
ती रिक्षाने गेली.
संकल्प: पुढच्या रविवारपर्यंत कनेक्शन पक्कं करायचं. मग सगळ्यांनी उत्तनला जाऊन मासे खायचे. गाडी मी चालवणार.

५ नोव्हेंबर
ऑफिसात विचारलं. गाडीला फोन विसरायला लावा आणि पुन्हा जोडा, असं सांगितलं. संध्याकाळी तसं केलं. जोडला गेला! एसी लावून पार्किंगमध्येच बसलो आणि जुनी गाणी ऐकली. आवाज फारच स्वच्छ. खरं तर लगेच गोल्डन नेस्टच्या चौकापर्यंत एक चक्कर मारायची होती, पण गाणं अर्धवट टाकून जाणं बरं वाटेना. मग अंधार पडला.
गाडी माझ्या ताब्यात आली आहे.

९ नोव्हेंबर, रविवार
हल्ला झालाय. शांतपणे लिहायचा प्रयत्न करतोय.
उत्तनसाठी तयार होऊन खाली उतरलो. दार उघडून बसलो तर गुडघे थेट स्टिअरिंगवर. कोणीतरी सीट पुढे ओढलेली. आरसा खाली वळवलेला, त्यात माझी हनुवटी दिसत होती. गाडी सुरू केली. माझा फोन नाही, पण स्पीकरमधून एक बाई गुजरातीत बोलायला लागली. हवे थोडो अजमो नाखो, म्हणजे आता थोडा ओवा घाला. उंधियूची रेसिपी! माझ्या गाडीत!
स्क्रीनवरची यादी उघडली. पहिलं नाव: Disha.
दिशा म्हणजे अल्पेशची बायको. अल्पेश म्हणजे पार्किंग नंबर आठ. माझ्या सातच्या शेजारचा. फ्लॅट पहिल्या मजल्यावर, बरोब्बर माझ्या गाडीच्या डोक्यावर. धंदा मोबाइल ॲक्सेसरीजचा. आणखी काय पुरावा पाहिजे? त्याची गाडी जुनी, माझी नवी कोरी. पोटात दुखतंय माणसाच्या. मी गाडी सुरू केली रे केली की वरून बायकोचा फोन घुसवतो आणि माझा बाहेर ढकलतो.
उर्मिलाला यादी दाखवली. तिचा चेहरा उतरला. म्हणाली, असेल काहीतरी गडबड, आणि पटकन जिना चढून वर गेली. बिचारीला धक्का बसला. साध्या माणसांना असल्या गोष्टी झेपत नाहीत.
उत्तन रद्द. बदला घ्यावा लागेल.

११ नोव्हेंबर
अल्पेशला जिन्यात गाठलं. तुझ्या मिसेसचा फोन माझ्या गाडीत काय करतोय, असं सरळ विचारलं. तो जरा गडबडला (गुन्हेगार गडबडतोच) आणि म्हणाला, अरे गुणवंतभाई, कुछ मिक्स हो गया होगा. तुम्ही लिस्टमधून दिशाचं नाव डिलीट करून टाका ना, दोन मिनिटांत सॉल्व.
म्हणजे पुरावा मीच माझ्या हाताने नष्ट करायचा! इतका कच्चा समजतो मला.
नाव ठेवलंय. स्क्रीनचा फोटोही काढून ठेवलाय. तीन अँगलने.

१५ नोव्हेंबर
बदल्याची सुरुवात.
एक म्हणजे अल्पेशला लिफ्टमध्ये नमस्कार करणं बंद. (त्याने आज दोनदा केला. मी दिव्याकडे बघत राहिलो.) दुसरं, माझ्या फोनचं ब्लूटूथचं नाव बदलून 'मी सगळं बघतोय' असं ठेवलं. त्याच्या घरातल्या प्रत्येक फोनवर हे उमटलं पाहिजे. आणि सोसायटीकडे लेखी तक्रार: आठ नंबरची गाडी पिवळ्या पट्ट्यावर चार बोटं आत येते. सेक्रेटरी म्हणाले, काका, तुमची हातभर बाहेर जाते. मी म्हटलं, माझी नवी आहे.
संध्याकाळी दिशा डबाभर उंधियू देऊन गेली. गुन्ह्यातला मुद्देमाल स्वतः घरपोच. तपासाचा भाग म्हणून मी खाल्ला. उर्मिला म्हणाली, अजून वाढू? तपास पूर्ण व्हायला हवा होता, म्हणून हो म्हटलं.

२२ नोव्हेंबर
सीट पुन्हा पुढे. आरसा पुन्हा खाली. आणि आता पेट्रोलचा काटाही उतरलाय. गाडी तर मी जागेवरून हलवलेली नाही. ऑफिसात विचारलं, ब्लूटूथमधून पेट्रोल जाऊ शकतं का? सगळे हसले. नवीन तंत्रज्ञानाबद्दल लोकांमध्ये किती अज्ञान आहे.
वॉचमन हरिश्चंद्रला विचारलं, मी ऑफिसला गेल्यावर दुपारी माझ्या गाडीजवळ कोण येतं? तो आभाळाकडे बघून म्हणाला, साहेब, मी गेटवर असतो. गेट आणि माझी गाडी यांच्यामध्ये एक तुळशीची कुंडी आहे फक्त. तोही फुटलाय. अल्पेशने माणसं पेरलीत.
उर्मिलाला सगळं सांगितलं. ती फोडणीत मोहरी टाकत होती, ती तडतडून झाली तसा तिने गॅस बारीक केला. मग म्हणाली, तुम्ही ती गाडी एकदा बाहेर का काढत नाही? मी म्हटलं, शत्रूचा फोन आत असताना? ती म्हणाली, बरं.
अलीकडे ती बरं फार म्हणते.

२९ नोव्हेंबर
सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन चार तारखेला. मीरा रोडला. उर्मिलाने विचारलं, तुम्ही न्याल का गाडीने? सुट्टी मिळेल का? मी म्हटलं, मी तर एका पायावर तयार आहे. प्रश्न कनेक्शनचा आहे. वाटेत काही झालं, फोन करायची वेळ आली, तर हातात फोन धरून मी चालवू का?
तिने हॉस्पिटलचा कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. मग म्हणाली, राहू दे, अल्पेशभाई नेणार आहेत. मी विचारलंय त्यांना.
अल्पेशभाई!
माझी गाडी निकामी करायची आणि मग माझ्याच सासूला स्वतःच्या गाडीत बसवून पुण्य मिळवायचं. इंद्रलोकभर सांगत फिरेल, गुणवंतभाईंची गाडी शोभेची आहे, शेवटी आपल्यालाच जावं लागलं. डोकं भणाणून गेलंय.
योजना तयार आहे. चार तारखेला रजा टाकायची, पण घरात ऑफिसला जातो सांगायचं. सकाळीच अल्पेशच्या टायरची हवा सोडायची. नंतर जनरेटरच्या खोलीमागे लपून दोन गोष्टी बघायच्या. आधी अल्पेशची फजिती. आणि मग दुपारी माझ्या गाडीला हात लावायला कोण येतं ते. रंगेहाथ पकडणार.
सासूबाई कशाने जातील हा प्रश्न उरतो. रिक्षा आहेतच.

४ डिसेंबर, सकाळी
मोहीम फत्ते. मागचा डावा टायर. व्हॉल्वमध्ये घराची किल्ली दाबली. फुस्स. इतका गोड आवाज त्या महागड्या स्पीकरमधूनही ऐकला नव्हता. व्हॉल्वची टोपी विजयाची खूण म्हणून खिशात ठेवली. कोणी बघितलं नाही. आता जनरेटरमागे उभा राहून लिहितोय. डास आहेत. हरकत नाही.

४ डिसेंबर, दुपारी
क्रमाने लिहितो.
अल्पेश इस्त्रीचा शर्ट घालून खाली आला. टायर बघून डोक्याला हात लावला. डिकी उघडली, स्टेपनी काढली, तीही बसलेली. (तिला मी हात लावला नव्हता. दैव माझ्या बाजूने होतं.) मी तोंडावर रुमाल धरून हसत होतो.
एवढ्यात लिफ्टमधून उर्मिला, दिशा आणि सासूबाई बाहेर आल्या. सासूबाई कालपासून आमच्याकडेच होत्या. नवं लुगडं, हातात देवाच्या फुलाची पुडी. घाबरलेल्या दिसत होत्या. म्हणाल्या, उर्मे, राहू दे ग, पुढच्या महिन्यात करू, आजचा दिवसच वाईट आहे. उर्मिला म्हणाली, दिवस काही वाईट नाही. दिशाने रिक्षा बघायला हरिश्चंद्रला पिटाळलं. तो परत आला, या वेळेला एक मिळत नाही म्हणाला. अल्पेश घाम पुसत नुसता सॉरी सॉरी करत होता, पायाच्या पंपाने हवा भरायला अर्धा तास जाईल म्हणत होता.
मी हसायचं थांबलो होतो. डास चावत होते म्हणून.
मग उर्मिला दिशाला एवढंच म्हणाली, चल, बस बाजूला. दिशाने विचारलं, आज? मेन रोडला? उर्मिला म्हणाली, आजच.
दिशाने पर्समधून एक लाल L काढला आणि माझ्या गाडीच्या मागच्या काचेला चिकटवला. उर्मिलाने माझी गाडी उघडली. चावी तिच्याकडे होती. सासूबाईंना मागे बसवलं, त्यांचा पट्टा लावला. स्वतः माझ्या सीटवर बसली. सीट पुढे ओढली. सर्रकन. आरसा खाली केला.
स्पीकरमधून गरबा सुरू झाला. दिशाने घाईघाईत बंद केला.
आणि गाडी निघाली. वळणावर जो खांब आहे, ज्याच्यामुळे मी अजून... ज्याबद्दल सोसायटीला मी कळवणार आहे, त्या खांबाच्या बाजूने ती एका दमात निघून गेली. हॉर्न नाही, थांबणं नाही. हरिश्चंद्रने गेट उघडून सलाम ठोकला. मला त्याने आजवर कधी ठोकलेला नाही.
मी जनरेटरला टेकून उभा होतो. मागून अल्पेशचा आवाज आला. गुणवंतभाई, व्हॉल्वची टोपी असेल तर द्या, परत लागेल.
त्याला कसं कळलं, हा वेगळ्या तपासाचा विषय आहे. टोपी दिली.
मग त्याने डिकीतून पायाचा पंप काढला. मी म्हटलं, मी मारतो. त्याने नको म्हटलं नाही. हवा सोडायला लागतो त्यापेक्षा भरायला फार वेळ लागतो. पंप मारताना मी त्याला विचारलं, हे कधीपासून? तो म्हणाला, नोव्हेंबर से. दिशाचं लायसन्स जुनं आहे ना, ती बसते बाजूला. भाभी आईंना घेऊन रिक्षात बसल्या त्या दिवशी खूप रडल्या होत्या. मला का सांगितलं नाही विचारलं, तर म्हणाला, भाभीच बोलल्या, उनको बुरा लगेगा.
मी आणखी जोरात पंप मारला.
अल्पेशच्या गाडीतून हॉस्पिटलला गेलो. ऑपरेशन छान झालं. सासूबाई डोळ्यावर पट्टी घेऊन पलंगावर बसल्या होत्या, चहा पीत. सगळ्यांना सांगत होत्या, माझ्या उर्मीने आणलं, पोटातलं पाणीसुद्धा हललं नाही. मग माझा आवाज ऐकून म्हणाल्या, जावईबापू, रजा मिळाली वाटतं? कशाने आलात?
उर्मिलाने माझ्या धुळीने माखलेल्या पॅंटकडे बघितलं. माझ्या काळ्या झालेल्या बोटांकडे बघितलं. मी म्हटलं, अल्पेशच्या गाडीने.
ती काही बोलली नाही. बरंसुद्धा नाही.

७ डिसेंबर
यादीतून दिशाचं नाव काढलं. माझा फोन लगेच जोडला गेला. गाडी बंद करून पुन्हा सुरू केली. पुन्हा जोडला. पाच वेळा केलं, पाचही वेळा जोडला.
आता दुरुस्त करायला काही उरलेलं नाही. ही मोठीच अडचण झाली.
उर्मिला चहा घेऊन खाली आली आणि बाजूच्या सीटवर बसली. म्हणाली, जोडला? मी म्हटलं, हो. ती म्हणाली, मग? मी तिला नेटवर्क, सॉफ्टवेअर अपडेट आणि केबलची क्वालिटी यांबद्दल सांगायला लागलो. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, तुम्हाला भीती वाटते का?
मी म्हटलं, थांब, फोन येतोय.
फोन येत नव्हता. स्क्रीन एवढी मोठी आहे की ते तिलाही दिसत होतं. ती उठून गेली नाही. आम्ही चहा संपेपर्यंत बसलो.
अल्पेशवरचा सूड तूर्त स्थगित. नमस्कारही पुन्हा सुरू केलाय. टायर मी भरलाय, त्यामुळे हिशेब माझ्या बाजूने आहे.

१० जानेवारी
उर्मिलाचं पक्कं लायसन्स आलं. महिनाभर तिने सासूबाईंना तपासणीला नेलं-आणलं, भाजी आणली, मला दोनदा उत्तनला नेलं. मी डाव्या बाजूला बसून मॅप लावतो. ती म्हणते, तो आवाज बंद करा, मला रस्ता माहीत आहे.
आज सकाळी खाली गेलो तर ती मागच्या काचेवरचा लाल L नखाने खरवडत होती. मी म्हटलं, राहू दे. ती म्हणाली, कशाला, लायसन्स मिळालं ना आता. मी म्हटलं, असू दे थोडे दिवस. दिसतोही बरा. लोक जरा लांबून जातात.
तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग सुटलेला कोपरा अंगठ्याने नीट दाबून परत चिकटवला आणि चावी माझ्या हातात दिली.
सोसायटीत सगळ्यांना वाटेल, तो उर्मिलासाठीच आहे. वाटू दे.