भिंतीकडे तोंड करून

३ फेब्रुवारी, रविवार

हसले! सगळेच्या सगळे हसले. मिस्त्रीकाकासुद्धा. आणि सगळ्यांत मोठ्याने कोण, तर माझा सख्खा भाऊ!

लिहून काढते, नाहीतर डोक्यात घुमत बसेल. मिस्त्रीकाकांच्या गिटारदुरुस्तीच्या दुकानात दर रविवारी सकाळी आम्ही आठ-नऊ बेस गिटारवाले जमतो. अर्ध्यांच्या गिटारी माझ्या गिटारीच्या कंपनीच्या, अर्ध्यांच्या भावाच्या गिटारीच्या कंपनीच्या. शाळेतल्या अ आणि ब तुकडीसारखं. त्यांनी आमच्या गिटारीला ओंडका म्हणायचं, आम्ही त्यांच्या गिटारीला खेळणं म्हणायचं. एकोणीस वर्षं हेच चाललंय आणि कुणालाच कंटाळा आलेला नाही.

आणि वर्षातून एकदा परीक्षा. भिंतीकडे तोंड करून बसायचं. काका एकच तुकडा, एकाच हाताने, एकाच स्पीकरवर, सगळ्यांच्या गिटारींवर एकामागून एक वाजवतात. आपली कुठली ते सांगायचं. चुकला त्याने वर्षभर विरुद्ध पार्टीचं स्टिकर आपल्या पेटीवर चिकटवून फिरायचं. मी आजवर एकदाही चुकलेली नाही. गेली सात वर्षं कुणी घेतली नव्हती परीक्षा, मीच म्हटलं, होऊन जाऊ दे! हात दाखवून अवलक्षण.

तिसरी गिटार वाजली आणि मी हात वर केला. ‘ही माझी!’ विचारसुद्धा करावा लागला नाही. आपल्या पोराचं रडणं ओळखावं तसं ओळखलं.

वळून बघते तर काकांच्या हातात भावाचं खेळणं.

मी म्हटलं, स्पीकर घरघरतोय, असं कसं ऐकू येणार. तर भाऊ म्हणतो, ‘ताई, नाचता येईना अंगण वाकडं!’ पुन्हा हशा. स्टिकर त्यानेच चिकटवलं, वर हाताने थापटून पक्कं केलं. मेला.

४ फेब्रुवारी

डाव्या कानात शिट्टी वाजतेय. कालपासून? की आधीपासून, आणि मी लक्षच दिलं नव्हतं?

६ फेब्रुवारी, बुधवार

आमच्या बँडच्या प्रॅक्टिसला ड्रमवाल्याने ‘शेवटचं कडवं दोनदा’ असं ओरडून सांगितलं म्हणे. मी एकदाच वाजवून थांबले. बाकीचे पुढे, मी मागे उभी, खांबासारखी. त्याने काठ्या ड्रमवर आपटल्या. ‘अगं, कान कुठे ठेवून आलीस?’

सहज म्हणाला असेल. पण माझ्या डोक्यात तिडीकच गेली. मी म्हटलं, एकोणीस वर्षं तुझी ती पितळी ताटं माझ्या डाव्या कानाशी बडवतोयस, कान गेले असतील तर तुझ्यामुळे गेलेत! गिटार पेटीत ठेवली आणि निघून आले. पेटीवर ते स्टिकर. रस्ताभर मांडीला घासत होतं.

भीती कसली आहे ते स्पष्टच लिहिते, इथे कोण वाचतंय! कान गेले तर मी बेसवाली राहत नाही. बस. दिवसभर कारखान्यात कवळ्या घासते, संध्याकाळी स्वयंपाक करते, शुक्रवारी हॉटेलच्या हॉलमध्ये दोन तास वाजवते. आठवड्यातले तेवढे दोन तास माझे आहेत. ते गेले की उरलं काय? कवळ्या!

८ फेब्रुवारी

वाजवलं. चुकले नाही. पण सगळा वेळ ड्रमवाल्याच्या पायाकडे बघून वाजवलं, ऐकून नाही.

९ फेब्रुवारी, शनिवार

आज कारखान्यात घासायचं मशीन चालू असताना शेजारची बाई काहीतरी बोलली. मी हं हं केलं. ती म्हणते, ‘अहो, हं काय? खालची कवळी वरच्या साच्यावर घासताय तुम्ही!’ खरंच की. कुणा म्हाताऱ्याचे दात वाया गेले. साहेब येऊन बघून गेले, बोलले काही नाहीत, नुसते उभे राहिले. त्यापेक्षा शिव्या घालायच्या!

नवरा म्हणतो, कानाच्या डॉक्टरकडे जा. सांगायला काय जातंय त्याचं. डॉक्टरने कागदावर लिहून दिलं की संपलं. कागद नाही तोवर मी म्हणू शकते की स्पीकर घरघरत होता. हे त्याला सांगितलं तर म्हणाला, ‘म्हणजे मांजरासारखं डोळे मिटून दूध प्यायचं.’ मी ताट जोरात आपटलं. वरण सांडलं आणि पुसलंही मीच.

१० फेब्रुवारी, रविवार

काकांच्या दुकानात गेले नाही. भावाचा फोन. ‘काय ताई, तोंड लपवून बसलीस होय? इकडे तुझ्या पार्टीचं मनोधैर्य खचलंय!’ मी ठेवून दिला. मग एक तास स्वतःची गिटार वाजवत बसले.

आणि खरं सांगू? आवडला नाही आवाज. ही माझी आहे असं वाटलंच नाही. हिचा तारा टेकवायचा पूल मी बदलला, खुंट्या मी बदलल्या, तारांखालचा, आवाज पकडणारा पिकअप मी बदलला, रंग मी खरवडला. प्रत्येक स्क्रू माझ्या हातचा आहे. आणि ती दुसऱ्या कुणाची तरी वाटतेय! कानच गेले, दुसरं काय.

१३ फेब्रुवारी, बुधवार

सोडलं.

ड्रमवाल्याला म्हटलं, माझ्या कानांचं काही खरं नाही, शुक्रवारपासून भावाला घ्या. त्याला सगळी गाणी येतात, माझ्या पाठीमागे बसून शिकलाय. ड्रमवाला म्हणाला, ‘अगं थोडी विश्रांती घे, सोडतेस कशाला?’ पण फार जोर लावला नाही त्याने. मला वाटलं होतं लावेल.

भावाला फोन केला. वाटलं नाचेल. तर म्हणाला, ‘ताई, खरंच कानाचं आहे का? एका परीक्षेवरून काय असं—’ मी म्हटलं, माझे कान मला माहीत. तुला वाजवायचंय की नाही? ‘वाजवतो,’ म्हणाला. हळू आवाजात. मला दोनदा विचारावं लागलं, काय म्हणालास म्हणून. बघा!

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

आईचा फोन. आई भावाकडेच राहते. ‘अगं, काय छान वाजवलं त्याने! अगदी तुझ्यासारखं!’

अगदी माझ्यासारखं! जखमेवर मीठ कसं चोळावं ते आईकडून शिकावं. मी म्हटलं, हो का, छान. आणि संडासात जाऊन रडले, नवऱ्याला दिसू नये म्हणून.

१८ फेब्रुवारी, सोमवार

पेन कागदात रुततंय. रागाने.

कामावरून थेट काकांकडे गेले, गिटार घेऊन. विकून टाका म्हटलं. काका चष्मा कपाळावर सारून बघत बसले. म्हणाले, बैस. कशाला विकतेस? मी सांगितलं सगळं. कान, शिट्टी, कवळी, शुक्रवार. परीक्षेत भावाची गिटार माझी म्हणाले, तिथेच कळलं मला, म्हटलं.

काकांनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. ‘अगं पण ती तुझीच होती की!’

मला वाटलं, हेही ऐकण्यात चुकले.

तर असं झालंय. सहा वर्षांपूर्वी मी पिकअप बदलला. तेरा वर्षांचा जुना काढला, नवा जोरकस बसवला. फॅशन होती तेव्हा. जुना काकांना म्हटलं, फेकून द्या. तो फेकला गेला नाही. भावाने मागून घेतला. काकांनी त्याच्या खेळण्याचं लाकूड कोरून तो आत बसवला, वर त्याच्याच कंपनीचं झाकण लावलं. म्हणजे सहा वर्षं माझा आवाज त्याच्या गिटारीतून निघतोय! मी भिंतीकडे तोंड करून अगदी बरोबर ओळखलं. तेरा वर्षं ज्या आवाजात वाजवलं तोच ओळखला. चुकले नव्हते मी!!

‘मग तुम्ही हसलात कशाला?’ मी ओरडले. काका म्हणाले, ‘मला वाटलं तुम्हा बहीण-भावांची काहीतरी गंमत चाललीय. त्याने सांगितलंच असेल तुला. इतक्या वर्षांत सांगितलं नाही?’

नाही. नाही सांगितलं.

गिटार परत घेऊन आले. जिना चढताना दोनदा थांबले. ओंडका जड आहे खरा.

१९ फेब्रुवारी, मंगळवार

गेले होते भावाकडे. दारातच म्हटलं, झाकण उघड. कुठलं झाकण, असं त्याने विचारलं नाही. चोराच्या मनात चांदणं! ‘ताई, हळू. आई आत आहे.’

मी म्हटलं, तुला ठाऊक होतं. मी हात वर केला त्या क्षणी ठाऊक होतं, आणि तू अंगण वाकडं म्हणालास.

तो म्हणाला, तेव्हा त्याला गंमतच वाटली. संध्याकाळी फोन करून सांगणार होता. मग राहिलं. मग मी दुकानात आले नाही. मग मी जागाच सोडली. ‘मग कोणत्या तोंडाने सांगणार होतो, ताई? उशीर झाला होता.’ आणि मग खरं ते बोलला: ‘एकोणीस वर्षं तुझ्या कंपनीला नावं ठेवली. माझ्या गिटारीत तुझा पिकअप आहे हे त्या लोकांना कळलं तर मला तिथे उभं करतील का कुणी?’

म्हणजे आठ टवाळांसमोर नाक राहावं म्हणून बहीण बहिरी झाली तरी चालेल! मूग गिळून बसला. सोळा दिवस! माझी जागा घेतली, माझ्याच आवाजात वाजवलं, आणि आईने कौतुक केलं तेही ऐकून घेतलं.

मी म्हटलं, घेतलासच कशाला माझा टाकलेला पिकअप?

खाली बघून म्हणाला, ‘तुझ्यासारखं वाजत होतं म्हणून.’

माझ्या रागावर पाणी पडावं म्हणून बोलला असेल. नाही पडलं. मी सांगून आले: रविवारी दुकानात, सगळ्यांसमोर, तुझ्या तोंडाने. नाहीतर मी सांगेन. आई चहा घेऊन बाहेर आली तोवर मी चपला घातल्या होत्या.

२० फेब्रुवारी

त्याचा फोन नाही. माझाही नाही. नवऱ्याला सगळं सांगितलं तर तो हसला! त्याच्याशीही बोलत नाहीये.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

कामावरून आले तर दाराच्या कडीला पिशवी. आत रुमालात गुंडाळलेला पिकअप. माझा. वायरी घाईत कापलेल्या. चिठ्ठी नाही.

उद्या शुक्रवार. त्याच्या गिटारीला आता नुसतं भोक आहे.

तासाभराने ड्रमवाल्याचा फोन. ‘तुझ्या भावाची गिटार एकदम बंद पडलीय म्हणे. उद्या तू येशील का? कान कसे आहेत?’ म्हटलं, कान ठणठणीत आहेत, येते. शब्द न् शब्द नीट ऐकू येत होता.

मग तो म्हणाला, ‘पण अचानक झालं काय त्याच्या गिटारीला?’

सगळं ओठांवर आलं होतं. म्हटलं, आतली वायर तुटली असेल. जुनी झालीय ती.