दुसऱ्या मजल्यावरची सवत

तीर्थरूप ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच समज. कंबर धरली आहे, ती का ते पुढे येईलच.) तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला? माझं म्हणशील तर आनंदानं पाय जमिनीला लागत नाहीत. मला भुतं दिसतात म्हणून लहानपणी तू माझे कान उपटायचीस, आणि परवाही म्हणालीस की चष्मे विक, भुतांच्या भानगडीत पडू नकोस. आता तेच कान टवकारून वाच.

झालं काय, एका बँकेतल्या कारकुनाची बायको चष्म्याचा स्क्रू बसवायला दुकानात आली आणि रडायलाच लागली. घरात कुणीतरी आहे म्हणाली. नवऱ्याच्या बनियनांच्या आपोआप घड्या होतात, तो जेवताना त्याच्या डोक्यावरून हात फिरतो, आणि तिच्या चहात मात्र मूठभर मीठ पडतं. मी दुकानाला कुलूप ठोकलं (गिऱ्हाईक नव्हतंच, तू विचारायच्या आधी सांगतो) आणि भरदुपारी त्यांच्या दुसऱ्या मजल्यावर हजर झालो. (बँकेला सुट्टी, त्यामुळे कारकूनही घरातच.) स्वयंपाकघरात एक ठेंगणी म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी होती. मी चौकशी करायचा अवकाश, तिनं तोंडाचा पट्टाच सोडला. मला जाऊन वर्ष होत नाही तोवर मेल्यानं ही सवत आणून बसवली! माझ्यामागे अंगानं सुधारलाय, डोक्यावर केससुद्धा आलेत, पण लाज म्हणून नाही! बोलता बोलता ती पदरानं डोळे पुसायला लागली.

आता माझी घोडचूक ऐक. मी ऐटीत जाहीर करून टाकलं की प्रकरण सोपं आहे, ही साहेबांची पहिली बायको. ताई, कारकुनाला पहिली बायको नव्हतीच! पण हे त्याच्या बायकोला पटवणार कोण? तिनं लाटणं उचललं, नवऱ्यावर नेम धरला, तो वाकला आणि ते बसलं माझ्या कमरेत.

मी जमिनीवर कण्हत पडलेला बघून म्हातारीला दया आली. ती खुंटीवरच्या कोटाकडे वळून म्हणाली, "अहो, उभे काय राहिलात, पाणी आणा की!" कोटाला! ते डोळे बारीक करणं बघितलं आणि मी दुखणं विसरलो. अगं, जन्म गेलाय माझा चष्म्यांत. बाईंचा नंबर चांगला दणदणीत होता आणि चष्मा मागे राहिला होता. जिन्यातली दारं सगळी एकसारखी, तेव्हा बाई एक मजला अलीकडेच शिरल्या आणि परक्या नवऱ्याचा संसार सांभाळत बसल्या. मी नवऱ्याचा धंदा विचारला, तर घड्याळजी. तो मी मोठ्यानं सांगताच कारकुनाची बायको किंचाळली, म्हणजे वरच्या मजल्यावरचे आजोबा! बायको गेल्यापासून एकटेच असतात, आणि आज घर कायमचं बंद करून मुलाकडे परगावी निघालेत.

बाईंना म्हटलं, घर चुकलात. ऐकतील तर शपथ! मला माझं घर शिकवतोस का, म्हणून माझ्याही चहात मीठ. शेवटी कंबर धरून मी वर धावलो. आजोबा बांधलेल्या ट्रंकेवर बसले होते. म्हणाले, जिवंतपणी हिनं मला मिनिटभर सोडलं नाही, आणि गेल्यावर साधी कपबशी वाजवली नाही. सुटली बिचारी. मग मी तरी कुणासाठी थांबू? ताई, मला गलबलून आलं. एका जिन्यात दोन माणसं एकमेकांवर रुसून बसलेली, एक वर आणि एक खाली! तिचा चष्मा त्यांच्या खिशात होता. काडी ढिली झालीय, घट्ट करून आणतो, अशी थाप मारून मी तो नेला, काचा पुसल्या आणि खालच्या टेबलावर ठेवला.

चष्मा उचलला गेला. आधी कारकुनाकडे वळला आणि दचकून मागे सरला. मग त्याच्या बायकोकडे बघत राहिला (बाईंनी जीभ चावली ती मला एकट्यालाच दिसली). आणि मग जो सुटला तो थेट जिन्यातून वर! आम्ही तिघं मागे. दारात तरंगणारा चष्मा बघून म्हातारा आता कोसळतो की काय, असं मला वाटलं. छे! "किती उशीर!" एवढंच म्हणाले आणि ट्रंकेवर सरकून जागा केली. बाई फणकारल्या, चष्मा स्वतःच्या खिशात ठेवायचा आणि उशीर म्हणे माझा! पण बसल्या. गाडीवाला खाली भोंगा वाजवून वाजवून निघून गेला. आता तरी शाबास म्हण!

तुझा विजयी धाकटा

ता. क. कारकुनाच्या बायकोला आता बनियनांच्या घड्या स्वतः घालाव्या लागतात. एखादं मोकळं भूत आहे का, असं विचारत होती.

आणखी एक ता. क. ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते राहिलंच. माझ्या शेजारी निवृत्त पोस्टमास्तर राहतात. बाबा गेल्यापासून रोज पहाटे कुणीतरी या पोस्टमास्तरांचं पांघरूण ओढतं, पाठीत धपाटा घालतं आणि चपला दाराकडे तोंड करून ठेवतं. मी आजवर हसत होतो, पण मला शाळेसाठी बाबा अगदी असेच उठवायचे ना? (पहाटे मी झोपलेला असतो, मला दिसणार कसं?) वाटायचं, बाबांना तूच लाडकी, म्हणून माझ्याकडे फिरकले नाहीत. त्यांचा चष्मा आठवण म्हणून तू नेलास, तो कपाटातून काढ आणि मिळेल त्या गाडीनं पाठव. नंबर मला पाठ आहे, नवा करता आला असता, पण माझ्या हातचा चष्मा त्यांना कधी पसंत पडलाय?