पदराखाली ठरलेलं जबलपूर

मु. रोहिणखेड, तालुका मलकापूर
ज्येष्ठ वद्य दशमी

चि. किसनराव यास थोरली बहीण गोजरबाई हिचे पोटभर आशीर्वाद. (राव तुझ्या पांढऱ्या मिशांना लावलं आहे, तुला नाही.) खामगावात तुझा गुडघा कसा आहे, आणि सोजराबाईनं तुझं पान-तंबाखू बंद केलं ते खरंच बंद आहे की तू बैलबाजारात जाऊन खातोस, हे खुलासेवार कळवावं. इकडे सर्व खुशाल. माझे चार दात होते त्यांतला एक गेला. उरलेले तिघं मिळून काम निभावतात.

हे पत्र माझी नात सत्यभामा लिहिते आहे. मी सांगते तसंच लिही म्हटलं, तरी मी 'मले' म्हणते तिथं ती 'मला' लिहिते. नागपूरची बी.ए. आहे, हाताला वळणच तसं पडलं. तू आपला माझ्या आवाजात वाच म्हणजे झालं.

तर मजकूर असा. बी.ए. होऊन पोरगी घरी आली आणि म्हणाली, मला मुलींच्या शाळेत शिकवायचं आहे, पण शिकवायचं कसं ते आधी शिकायचं आहे. त्याचंही वेगळं कॉलेज असतं म्हणे. आधी विद्या शिकायची, मग ती दुसऱ्याच्या डोक्यात कशी घालायची ते शिकायचं. (मी पाच लेकरांना चालायला, बोलायला, जेवताना मांडी घालायला शिकवलं, माझ्या कॉलेजचं नाव कोणी विचारलं नाही.) असलं एक कॉलेज जबलपूरला आहे आणि एक विलायतेत, लंडनला. दोन्हींकडून छापील पुस्तकं आली. मला अक्षर येत नाही, पण पुस्तक पारखता येतं. विलायतेचं पुस्तक जाड, गुळगुळीत, त्याला नव्या जोड्यासारखा वास, आणि आत एका काळ्या इमारतीचं चित्र, जिच्या आजूबाजूला ना झाड, ना ढोर, ना माणूस. जबलपूरचं पुस्तक पातळ, पण दोऱ्यानं शिवलेलं, टाके मजबूत. चित्र नाही. मी म्हटलं, ज्याला दाखवायला काही नाही तो निदान फसवत तरी नाही. यावर पोरगी हसली. काय हसायचं होतं ते मला कळलं नाही.

आमच्या शाळेचे नारायणराव मास्तर रोज संध्याकाळी येऊन विलायतेची बाजू मांडत. तिथून परत आलेल्याला सरकार एकदम इन्स्पेक्टर करतं, असं त्यांचं म्हणणं. हे मास्तर बावीस वर्षं इन्स्पेक्टर आला की घाम पुसतात. आपल्या ओळखीचा एखादा इन्स्पेक्टर असावा ही त्यांची इच्छा मला समजते. एकदा बोलता बोलता ते हेही सांगून गेले की अमेरिकेत मास्तरांसाठी एवढं मोठं कॉलेज आहे की त्यात आपलं अख्खं रोहिणखेड मावेल, मशिदीसकट. ते मी ध्यानात ठेवलं.

आता पोरीचा बाप, तुझा भाचा पंजाबराव. त्याचं म्हणणं, बी.ए. झाली, पुरे झालं. चिखलीकडचं एक स्थळ त्यानं हेरून ठेवलं होतं. त्या लोकांना मॅट्रिक झालेली सून हवी होती आणि बी.ए. जराशी जास्त होते असं त्यांनी कळवलं होतं, म्हणजे शिकलेलं थोडं उतरवून घेता येईल की काय अशी त्यांची चौकशी होती. पंजाबरावाचं तोंड एकदा बंद झालं की घरात सगळ्यांचंच बंद होतं हे तुला माहीत आहे. रुक्मिणी नवऱ्यासमोर आणि सासूसमोर एकदम बोलायची म्हणजे तिला दोन तोंडं लागतील. पोरगी बापासमोर बोलत नाही. जबलपूरला नाव घालायचे दिवस भरत आले आणि घरात सगळे एकमेकांना नुसती भाजी वाढत होते.

मग मला तू आठवलास. लहानपणी तू मला तुझ्या रुमालाखाली हात घालायला लावून बैलबाजाराचा भाव शिकवला होतास, ते आठवतं का? दलाल बोलत नाही, गिऱ्हाईक बोलत नाही, रुमालाखाली एकमेकांची बोटं धरायची, जितकी बोटं तितका भाव, आणि आजूबाजूच्या कोणाला काही कळत नाही. म्हटलं, जे बैलाला चालतं ते नातीला का चालू नये. पौर्णिमेच्या दिवशी मी सगळ्यांना बैठकीत बसवलं आणि सांगितलं, मी पदर पुढं धरते, एकेकानं खाली हात घालावा. माझं एक बोट धरलं तर जबलपूर, दोन धरली तर विलायत, माझ्या हातावर नुसती मूठ ठेवली तर कुठंच नाही, लग्न. तोंडानं कोणी काही बोलायचं नाही.

रुक्मिणीनं एक बोट असं आवळलं की माझं पायाचं बोटही दुखलं. मग पोरगी आली. तिनंही एकच बोट धरलं. (इथं तिची लेखणी थांबली आहे. शाई संपली म्हणते. दौत तर मला भरलेली दिसते.)

राहिला पंजाबराव. तो मूठ घेऊनच आला होता, लांबूनच दिसत होती. पण त्यानं हात पदराखाली घातला तसा मीच आधी त्याची तीन बोटं धरली. आता तीन म्हणजे काय हे ठरलंच नव्हतं. तो दचकला. हळूच विचारतो, "माय, तीन म्हंजे?" मी म्हटलं, "अमेरिका." आणि किसन, तिथं तुझ्या भाच्याचं रक्त बोललं. चाळीस वर्षांत त्यानं पहिल्या भावाला कधी बैल घेतला नाही. मूठ उघडली आणि त्यानं माझी दोन बोटं धरली. मी मान हलवली, तीनच धरून बसले. त्यानं माझा हात झटकला, पुन्हा घेतला, दोन धरली. मी अडीचवर आले, म्हणजे एक बोट अर्धं मुडपलं. (अडीच म्हणजे कोणता देश ते मला विचारू नकोस.) त्याच्या डोळ्यांत ती बाजारातली चमक आली. त्यानं एकदम माझं एकच बोट धरलं आणि वर पाहिलं, घ्यायचं तर घे, नाहीतर मी चाललो, अशा तोऱ्यात. मी सुस्कारा टाकला, तोंड पाडलं आणि त्याच्या हातात हात दिला. त्यानंही दाबून दिला. सौदा झाला.

बाहेर ओट्यावर जाऊन त्यानं मास्तरांना सांगितलं, "माय अमेरिकेवर बसून होती. जबलपूरवर आणली तिले." मास्तरांनीही वा वा केली. पंजाबराव दोन भाकरी जास्त जेवला. तिसरी मोडताना त्याचा हात थांबला, कारण आपल्याला मुळात काहीच घ्यायचं नव्हतं हे त्याला तेव्हा आठवलं. पण रुमालाखाली हात दिला की माघार नाही, हे तुझ्याच धंद्याचं इमान, आणि ते त्यानं पाळलं. चिखलीला नकार कळवून टाकला. एकूण घरात आता आनंद आहे. रुक्मिणी लोणच्याची बरणी बांधते आहे आणि मी निजून उठून सुखात आहे.

सोजराबाईस आशीर्वाद. तुझ्या गुडघ्यास एरंडाचं पान बांधावं.

तुझी बहीण
गोजरबाई (तिचा अंगठा)

ता. क. अक्षर बदललेलं दिसन. पोरगी विहिरीवर गेली म्हनून नारायणराव मास्तरले बसवलं आहे. हे मास्तर मी बोलते तसंच लिहून राह्यले, त्याईले मी तसा दम देल्ला. किसन, तुले खरं सांगते. पोरीनं एक बोट नोहोतं धरलं, दोन धरले होते. तिच्या मनात विलायत आहे. मी सर्वाईले एकच सांगतलं. काऊन, तर विलायतेले मले कोन नेते? जबलपूरले नर्मदामाय आहे. मी शेगावच्या पुढं आगगाडीत बसलीच नाही. माह्या मनाले हे थोडं खुपते. थोडंच. तर तू पंजाबरावले लिही का एकट्या पोरीले परगावी धाडता येत नाही, संगं कोनी वडील बाई पाहिजे. नाव माहं घेऊ नको. इतकंच लिही का रुक्मिणीच्या गळ्यात घर आहे, सोजरेच्या गळ्यात तू आहे, आन् जिच्या मांगं काहीच काम नाही अशी बाई घरात कोन आहे ते पाहा. मामाचा शब्द तो मोडत नाही.

ता. क. दुसरा. खामगावच्या आजोबांना सत्यभामेचा नमस्कार. पाकिटावर पत्ता घालायला पत्र माझ्याकडे आलं, म्हणून वरचं वाचलं. दोन बोटं मीच धरली होती, आणि शाई भरपूर होती. विलायत मनात आहे, ती काही हलत नाही. एक वर्ष शिकून, दोन वर्षं शिकवून मग जाईन, आणि तेव्हा आजीनं चार बोटांपासून सुरुवात करावी. पण बाबांना भाकर मोडताना जे आठवलं ते पुन्हा आठवू नये म्हणून मी दुसऱ्याच दिवशी जबलपूरला नाव घातलं. तिथल्या वसतिगृहात आज्या ठेवत नाहीत. म्हणून गावात दोघींसाठी खोली मागितली होती. काल होकार आला. घाटावर पायी जाता येतं असं घरमालकीण लिहिते. बाबांना आपण लिहायची गरज नाही, आजीला सोबत नेऊ का असं त्यांना मी विचारलं, ते हो म्हणाले. आपण मात्र स्वतः येऊन आजीला आग्रह करावा. ती आधी दात सांगेल, मग वय सांगेल, दोनदा नको म्हणेल. दुसऱ्या नकाराला आपण उठून जाऊ नये. ती तिसऱ्यांदा विचारण्याची वाट पाहत असेल.