पानफुटी, खेकडा आणि डेप्युटीसाहेब

५ जुलै १९३६
आजपासून निश्चय. चारला उठणे, चहा बंद. (साडेसातला उठलो. पाऊस होता. चहा घेतला.)
अठराला डेप्युटीसाहेब शाळा तपासायला येणार. माझा पाठ आवडला तर सायन्स मास्तरची जागा कायम, नाहीतर पुन्हा ड्रिल. विषय ठरला: पानफुटी आणि शेतातला खेकडा, एक तुलना. तोडलेल्या पानाला रोपं फुटतात, तुटलेल्या जागी खेकड्याला नवी नांगी येते. नाशकात हे साम्य आजवर कुणाला सुचलेलं दिसत नाही.

६ जुलै
त्र्यंबक रस्त्याकडच्या शेतातून शाळेचा शिपाई मोतीराम खेकडा घेऊन आला. डावी नांगी नाही. झकास! वहीत नोंद: नर. (चेहऱ्यावरून ओळखला.) मोजमाप घेताना त्याने माझं बोट धरलं. उजवी नांगी उत्तम चालते, हीही नोंद केली.

९ जुलै
प्रयोगाचं पान कोटाच्या खिशातच राहिलं. धुण्याआधी आमच्या कुटुंबाने, कुसाबाईने, ते काढून कुंडीतल्या ओल्या मातीवर टाकलं. तिला शास्त्रीय पद्धत ठाऊक नाही. मोठ्या मनाने काही बोललो नाही.

१४ जुलै
भयंकर सर्दी. कुसाबाईने झणझणीत कालवण केलं. नाक बंद, कशाचं ते कळलं नाही. तीन वाट्या प्यायलो. मोतीरामही जेवायला होता.

१५ जुलै
नांगी आली! पुरी! नऊ दिवसांत! खेकडा अंगानेही भरलाय. माझी देखरेख, दुसरं काय. कुसाबाई काहीतरी सांगायला आली होती. म्हटलं, लिहितोय, नंतर.

१८ जुलै
पाठ झाला. पानाच्या कडेला इवली रोपं पाहून साहेब खूश. मग नवी नांगी दाखवायला मी खेकडा उलटा केला. पोटाखालून पिल्लं निघाली. शंभरेक असतील. टेबलभर, साहेबांच्या हॅटमध्येसुद्धा. साम्य आणखी वाढलं, असं मी म्हणालो. साहेबांनी वही वाचून विचारलं, नराला पिल्लं?
मोतीराम नको तिथे बोलला. म्हणे, सायेब, ही मादी हाय, दुसरी. मास्तरांचा नर वैनींनी सर्दीवर कालवणात घातला, लय झ्याक झालं व्हतं. पानबी वैनींनीच लावलं.
माणसाने इतकं खरं बोलू नये.

२० जुलै
शेरा आला. पानफुटीबद्दल समाधान. मला ड्रिल.
दुपारी हेडमास्तरांनी बोलावलं. वाटलं, फेरविचार झाला. खुर्ची दिली, सुपारी पुढे केली आणि हळूच विचारलं, तुमच्या कुटुंबाचं शिक्षण कुठवर झालंय?